दोन अंड्यांचा धडा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या आईचा ताप उतरला, तरी तोंडास चव येईना. तेव्हां आम्हां भावंडांनीं थायलंडांतील 'खाय चियाव' हें ऑम्लेट करण्याचें योजिलें. १९३९ सालापर्यंत सयाम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या देशांत अंड्यांत मासळी आंबवून काढलेलें खारें पाणी घालतात. आईस मासळी वर्ज्य. म्हणून आम्हीं सोयाबीनचा सॉस घेतला. मांसवर्ज्य आहारास तिकडील शब्दही आपल्याच 'मांस' व 'विरति' यांपासून झालेला आहे, हें वाचून मौज वाटली.

दोन अंडीं, कांदा, टोमॅटो व कोथिंबीर एकत्र फेटून आम्हीं घाईनें कढईंत ओतलीं. तेल पुरतें तापलें नव्हतें; अंडें फुलण्याऐवजीं तेल पिऊन बसलें. आईनें तें भाताबरोबर मुकाट्यानें खाल्लें. उरलेला तुकडा चाखतांच आमच्या माना खालीं गेल्या.

दुसऱ्या दिवशीं आधीं एक थेंब टाकून पाहिला. तो तडतडून फुलल्यावरच मिश्रण ओतलें. पाहतां पाहतां अंडें फुललें, कडा सोनेरी व कुरकुरीत झाल्या. आईनें आणखी भात मागितला!

दोन मिनिटांच्या पदार्थासही तेल तापेपर्यंत धीर धरावा लागतो, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.