भाकरीला लाटणं लागत नाही

चित्रं काढून पोट भरणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘पेन कुठलं वापरतेस?’ दुसरा, ‘टॅब्लेट घेऊ का?’ दोन्हींची उत्तरं मी लगेच देऊन टाकते. पर्समध्ये मावेल एवढी साधी वही, एक टू-बी पेन्सिल, एक वॉटरप्रूफ शाईचं काळं पेन आणि एक स्वस्तातलं ब्रशपेन. खोडरबर नाही. कामाची चित्रं मी टॅब्लेटवरच पूर्ण करते, पण रोजचं काढणं वहीत. टॅब्लेटवर दोन बोटं टेकवली की रेघ गायब होते, आणि मग आपण समोरचं बघायचं सोडून आपलीच रेघ सुधारत बसतो. वहीत चुकीची रेघ तशीच राहते. तिच्या शेजारी दुसरी काढायची आणि पुढे जायचं.

एक प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही. रोज काढतेस, ते कशासाठी?

त्याचं उत्तर द्यायला शाळेपासून सुरुवात करावी लागेल. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा तुमच्यापैकी अनेकांनी दिल्या असतील. त्यात ‘स्मरणचित्र’ नावाचा विषय असायचा. आमच्या क्लासमध्ये त्याची तयारी ठरलेली होती. फळ्यावर तीन मानवाकृती काढून मिळायच्या. एक उभी, एक बसलेली, एक पाठमोरी. त्या घोटायच्या. विषय ‘बसस्टॉप’ आला की त्यांच्या हातात छत्री द्यायची, ‘भाजी मंडई’ आला की पिशवी. नाव स्मरणचित्र, पण स्मरण असायचं ते फळ्याचं.

कल्पना मात्र फार चांगली आहे आणि जुनीही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये लकॉक द ब्वाबोद्रां नावाचे एक शिक्षक विद्यार्थ्यांना आधी वस्तू मन लावून बघायला लावत आणि मग ती समोर नसताना काढायला लावत. शिल्पकार रोदँ त्यांचाच विद्यार्थी. मी हा व्यायाम ठाण्याहून दादरला जाणाऱ्या स्लो लोकलमध्ये करते. मुलुंड ते नाहूर फक्त बघायचं, वही बंद. नाहूर ते भांडुप फक्त काढायचं, मान वर करायची नाही. दोन-तीन मिनिटांत जेवढं उतरेल तेवढं. भांडुपला मान वर केली की काय सुटलं ते कळतं. बाईच्या खांद्यावरची ओढणी कुठल्या बाजूला होती हेच आठवलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी डोळा आपोआप ओढणीकडे जातो. सुधारणा होते ती अशी, एकेका ओढणीने.

लेडीज डब्यात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त काही असेल तर ती चौथी सीट. तिघींच्या बाकावर चौथी टेकते, तेव्हा तिचं अर्धं अंग बाकावर आणि अर्धं हवेत असतं. एक पाय पॅसेजमध्ये रोवलेला, दुसरा आखडलेला, पर्स मांडीवर घट्ट. नवशिके आधी चेहरा काढतात, मग मान, मग खाली जागा संपते. मी आधी बघते की वजन कुठे आहे. रोवलेल्या पायापासून खांद्यापर्यंत एक रेघ मारायची, थोडी तिरकी. ती बरोबर आली की नाक-डोळे नसले तरी माणूस चौथ्या सीटवरच बसलेला दिसतो. ती चुकली तर डोळे कितीही सुंदर काढा, बाई सोफ्यावर बसल्यासारखी दिसते.

दुसरी युक्ती म्हणजे वस्तूऐवजी मधली जागा काढणं. वरच्या हँडलला धरलेला हात काढायला अवघड, कारण हात कसा असतो हे आपल्याला आधीच ‘माहीत’ असतं. पण हात आणि डोकं यांच्यामध्ये जी वेडीवाकडी त्रिकोणी फट असते, ती कशी असते हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून ती आपण नीट बघतो. फट काढा, हात आपोआप येतो.

तिसरी युक्ती कागदाकडे न बघता काढायची. किमोन निकोलाइडिस या अमेरिकन शिक्षकाचं ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४१ साली आलं. तो सांगतो की नजर वस्तूच्या कडेवरून सावकाश सरकवा आणि पेन्सिल जणू त्या कडेलाच टेकली आहे असं समजा. चित्र भयानक येतं. एक डोळा कानाजवळ, हनुवटी गळ्यात. पण त्या रेघेत एक खरेपणा असतो, कारण ती सवयीने आलेली नसते. व्यवसाय म्हणून चित्रं काढणाऱ्याला सवयीची भीती सगळ्यात जास्त. दिवसाला दहा चेहरे काढले की हात एकच चेहरा दहादा काढायला लागतो.

जे रेघेत मावत नाही ते मी शब्दांत लिहून ठेवते. ‘मेथी निवडतेय, देठं पेपरवर, पानं पिशवीत.’ ‘क्लिपा विकणारी मुलगी, सुट्टे पैसे दातात.’ खाली तारीख आणि स्टेशन. फोटो मी काढत नाही. अनोळखी बाईवर फोन रोखणं मला जमत नाही, आणि कुणी माझ्यावर रोखलेला मला आवडणारही नाही. काढताना कुणाच्या लक्षात आलं आणि तिला ते नको असेल तर मी पान उलटते. बहुतेक वेळा मात्र वही मागितली जाते. एक काकू बराच वेळ स्वतःकडे बघून म्हणाल्या, “नाक एवढं मोठं आहे होय गं माझं?” आणि शेजारच्या तिघी एका सुरात म्हणाल्या, “आहे!”

तर कशासाठी, या प्रश्नाकडे येते. मागच्या वर्षी मुलांच्या एका पुस्तकाचं काम आलं. गोष्टीतली आजी चुलीपुढे भाकरी करते. मला तयार चित्र पाठवलं होतं, मशीनने बनवलेलं, आणि ‘जरा टचअप करून द्या’ असं सांगितलं होतं. चित्र देखणं होतं. चुलीचा उजेड आजीच्या सुरकुत्यांवर अगदी सुरेख पडला होता. आणि आजीच्या हातात लाटणं होतं.

मी जुनी वही काढली. जत तालुक्यात आत्याकडे राहिले होते, तेव्हाची सहा पानं ज्वारीच्या भाकरीची होती. एक गुडघा उभा. परात जागची हलत नाही, भाकरी फिरते, तळव्याच्या थापेबरोबर थोडी थोडी. प्रत्येक थापेला उजवा खांदा किंचित उचलतो. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते आणि तिच्यावरून पाण्याचा हात फिरतो. हे सगळं तिथे होतं, वेड्यावाकड्या रेघांत आणि बाजूला लिहिलेल्या शब्दांत. त्यावरून मी नवीन चित्र केलं. संपादकबाईंनी तेच घेतलं. पैसे मात्र टचअपचेच मिळाले.

पैशांचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण मी विचार करत होते ते पुस्तक हातात घेणाऱ्या मुलीचा. तिच्या घरी रोज भाकऱ्या थापल्या जातात. छापलेल्या पुस्तकात आजीच्या हातात लाटणं बघून तिला काय वाटेल? पुस्तक चुकलं, असं मुलांना वाटत नाही. आपल्या घरी काहीतरी वेगळंच करतात, असं वाटतं. चित्र सुंदर आहे की नाही यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

गोव्याच्या लोटली गावात वाढलेला मारियो मिरांडा तरुणपणी रोज चित्रांची डायरी लिहायचा. १९४९ ते १९५१ या वर्षांच्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने आल्या. गावातली लग्नं, चर्च, नाच, बाजार, रोजचं जे घडलं ते. नंतर ज्या गर्दीच्या चित्रांसाठी तो ओळखला गेला, त्या गर्दीतला प्रत्येक माणूस काहीतरी स्वतःचं करत असतो. ती सवय या पानांवर लागलेली दिसते.

मला आता नवशिकी मुलं विचारतात, मशीन सगळं काढणार असेल तर शिकायचं कशाला? मशीन काय काढेल ते काढो. ते जे काढतं, त्यात आधी कुणीतरी बघितलेलं असावं लागतं. आणि आपल्याकडच्या कितीतरी गोष्टी अजून कुणी बसून बघितलेल्याच नाहीत. टोपलीखाली ठेवलेली चुंबळ, डोक्यावरच्या हंड्याला न लागणारा हात, एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल.

वही दहा रुपयांचीही चालते. पेन कुठलंही. पहिली शंभर पानं कुणाला दाखवू नका.