आमलीचा फाल्गुन

दादरावरून सिल्वासाला येणाऱ्या पाहुण्याला आमली कोठे सुरू झाली ते सांगावे लागते, इतकी ती आता शहरात मिसळून गेली आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले, त्या मुक्तिलढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे कलावंतही होते, हे वाचकांना ठाऊक असेलच. म्हणून इतिहासात न शिरता येथल्या फाल्गुनाविषयीच लिहिते. आमची लहानशी वाडी आमलीबाहेर, खानवेलच्या वाटेवर आहे.

माघ सरत आला की येथे दिवसाचे दोन तुकडे पडतात. पहाटे डोंगराकडून गार वारा उतरतो, गवत दवाने भिजलेले असते. दुपार कलली की समुद्राकडचा पश्चिम वारा सुटतो. हा वारा दुपारऐवजी सकाळीच येऊ लागला की शाली पेटीत ठेवाव्यात, असा आमच्या सासूबाईंचा नेम होता. पंचांगापेक्षा तो मला अधिक भरवशाचा वाटतो.

झाडांचाही क्रम ठरलेला. पहिली काटेसावर, मग पळस. साग पाने गाळून नुसत्या काठ्यांसारखा उभा असतो, तेव्हा त्या उजाड रानात पळसाचा केशरी रंग डोळ्यांत भरतो. शिंजीर आणि मैना यांची त्यावर दिवसभर झुंबड असते. कुसुंबाला तर फुलांची गरजच नाही. त्याची कोवळी पालवीच लालभडक. शेतांतून राब भाजल्याचा धूर येतो आणि कोठेतरी तांबट टुक् टुक् करीत बसतो.

या दिवसांत आम्ही आभाळाकडे मात्र धास्तीने पाहतो. आंब्याचा मोहोर गळून वाटाण्याएवढ्या कैऱ्या दिसू लागलेल्या असतात. अशा वेळी दोन दिवस ढग राहिले, की तुडतुडे माजतात, पाने चिकट होऊन काळी पडतात आणि मोहोरावर भुरी धरते. यंदा तीन सकाळी ढगाळ गेल्या. राजापुरीचा निम्मा मोहोर काळवंडला.

मोहाला अशी नाजूक प्रकृती नाही. आमच्या बांधावरचा मोह जुना आहे. रात्री वटवाघळे येतात, पहाटे फिकट पिवळी, रसाळ फुले टपटप पडतात. ती वाळवली की मनुकांसारखी होतात. पुढे बियांचे तेल निघते, त्याला येथे डोळियुं म्हणतात. कागदोपत्री झाड आमचे. फुले मात्र पलीकडच्या पाड्यावरचे एक वारली कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या वेचीत आले आहे.

यंदा वाडीला तारेचे कुंपण घालायचे ठरले, आणि मोह आत घ्यावा की बाहेर ठेवावा, यावर घरात चार दिवस वाद झाला. मालकांचे म्हणणे, कुंपण सरळच हवे, नाहीतर गुरे शिरतील. तशात त्या घरची म्हातारी झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन झाडायला आली. खुंट्यांना बांधलेली सुतळी तिने पाहिली आणि एवढेच विचारले, "बाई, तार कुठून जाणार?"

मी खुंट्या मोहाच्या अलीकडे, वाडीच्या आत सरकवून घेतल्या. दोन खांब जास्त लागले, आणि त्यांचा हिशेब मला अजून ऐकवला जातो. खड्डे सोमवारी घ्यायचे आहेत. फुले कालपासूनच पडू लागली. आज उजाडण्यापूर्वी ती टोपली घेऊन आली होती, सोबत नातही होती.