मधला खुंट

मार्चच्या सात तारखेला रात्री भाचा आला तो चपला न काढताच म्हणाला, "मावशी, माझे पैसे कापलेत." वालीवच्या कारखान्यातली त्याची पहिली नोकरी, फेब्रुवारीचा पहिला पगार. ठरले होते १८,०००, खात्यात पडले १६,१२५. वसई ते विरार गाडीत उभ्यानं त्यानं मोबाइलवरची स्लिप पुन्हा पुन्हा वाचली होती. पी.एफ. १,४४०. ई.एस.आय.सी. १३५. पी.टी. ३००.

"पी.टी. म्हणजे काय गं?"

त्याच्या तोंडून ती दोन अक्षरं ऐकली आणि मला आई दिसली.

१९९४ साली सातिवलीच्या एका गाळ्यात मला पहिली नोकरी लागली. पगाराच्या पाकिटात बोटभर रुंदीची, कार्बनचे ठसे उमटलेली पट्टी होती. तिच्यावर पी.एफ., पी.टी. आणि शेवटी 'इतर – ४०'. मी विचारलं तेव्हा 'सगळ्यांचंच कापतात' एवढंच उत्तर मिळालं. नालासोपाऱ्याच्या खोलीत आईसमोर ती पट्टी ठेवली. आईला अक्षर येत नव्हतं, पण आकडा चुकत नव्हता. ती म्हणाली, "कापलं म्हंजी माप कमी धरलं का?" आणि मग, "ह्यात खुंट कुठाय?"

आई माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली, पुढं चार-पाच उन्हाळे रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती वाहिली. तिथं मजुरी मापावर. खणताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट तसाच राखायचा. सगळी माती घमेल्यांतून निघून गेली, तरी जमीन मुळात किती उंच होती हे तो खुंट सांगायचा. त्याच्याच उंचीवरून खोली धरायची, खोलीवरून मजुरी. मुकादम येईपर्यंत बाया त्या खुंटाला लेकरासारखं जपायच्या. तो ढासळला तर सात दिवसांचा घाम मोजायचा कशावर?

भाच्याला मी कागदावर मांडून दाखवलं. मूळ पगार आणि महागाई मिळून १२,०००, त्याचे १२ टक्के म्हणजे १,४४०. तेवढेच कंपनीही घालते. कंपनीच्या वाट्यातले सुमारे हजार पेन्शनकडं जातात, उरलेले तुझ्या फंडात. १३५ म्हणजे अठरा हजारांवर पाऊण टक्का, त्यावर कंपनीचे ५८५. पगार २१,००० पर्यंत आहे तोवर आजारपणात हा दवाखाना तुझा. तो मान हलवत होता. फंड आपला, दवाखाना आपला, हे त्याला पटलं. "पण हे तीनशे? हे तर परत येणारच नाहीत."

नाहीत येणार. हा व्यवसाय कर, १९७५ च्या कायद्याचा. संविधानानं त्याला वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे. म्हणून अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. स्त्रियांना २०२३ पासून २५,००० पगारापर्यंत तो माफ आहे. एवढं सांगून मी थांबले, कारण पुढचं सांगताना मला अजूनही भरून येतं.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग करून पाहिला, की मागेल त्याला काम द्यायचं. त्यातून रोजगार हमी उभी राहिली. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून राज्यानं शहरातल्या पगारदारांवर हा कर बसवला आणि जेवढा कर जमा होईल तेवढीच रक्कम सरकारनंही घालायची असं ठरवलं. १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. म्हणजे माणच्या उन्हात आईच्या हातावर जी मजुरी पडली, तिच्यात मुंबईतल्या कुणा कारकुनाच्या, कुणा गिरणी कामगाराच्या स्लिपवरची पी.टी. होती. त्यांनाही कुणीतरी 'सगळ्यांचंच कापतात' एवढंच सांगितलं असेल. हे मला कळलं तेव्हा आई नव्हती. तिला सांगायचं राहून गेलं, की बाई, तुझा खुंट ह्या दोन अक्षरांत आहे.

'इतर'ला मात्र मी माफ केलेलं नाही. पगारातून काय कापता येतं याची यादी तेव्हाच्या १९३६ च्या वेतन कायद्यात दिलेली होती, तिच्याबाहेरचं कापता येत नव्हतं. प्रश्न चाळीस रुपयांचा नव्हता. ते कशाचे, हे सांगणारी मातीच कुणी शिल्लक ठेवली नव्हती.

हा 'पगार' शब्द तरी कुठला? आमच्या वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचं राज्य होतं. किल्ल्याच्या भिंती आता वडा-पिंपळांनी धरून ठेवल्यात. त्यांचे शब्द तेवढे धडधाकट राहिले. 'पगार' त्यांच्याकडून आला, 'घमेलं'ही त्यांचंच. एकाच गलबतातून उतरल्यासारखे हे दोन शब्द. एक माझ्या वाट्याला आला, एक आईच्या. ती मला पगारापर्यंत घेऊन आली ती डोक्यावर घमेलं ठेवूनच.

भाचा जेवला. मग पिशवीतून एक फॉर्म काढला, फंडाच्या वारसदाराचा. "इथं कुणाचं नाव लिहू?"

चौऱ्याण्णव साली त्या रकान्यात मी आईचं नाव लिहिलं होतं. तोवर तिचं नाव कागदावर असायचं ते हजेरीपटावर, शेजारी अंगठा. मी वाचून दाखवल्यावर तिनं विचारलं होतं, "हितं अंगठा लागत न्हाई?" नाही म्हटल्यावर ती बराच वेळ त्या अक्षरांवर बोट ठेवून बसली. मजुरीच्या मापाशिवाय कुणी आपलं नाव का लिहावं, हे ती चाचपत असावी.

"तुझ्या आईचं लिही," मी म्हटलं. "आणि तिला वाचून दाखव."