आमचा मुंजा आणि जपानचा किटारो

भुतांच्या बाबतीत माझं सगळं शिक्षण जुन्या पनवेलमध्ये, आजीच्या हाताखाली झालं. तिन्हीसांजेला वडाळे तळ्याच्या बाजूला फिरकू नये, असं ती बजावायची. का फिरकू नये, याचा खुलासा मात्र दिवसाउजेडीच व्हायचा. रात्री नाव घेतलं की ती मंडळी येतात, असा तिचा अनुभव होता. त्यामुळे मुंजा, हडळ, समंध, खवीस, चकवा ही नावं मी पाढ्यांच्या आधी पाठ केली. पाढे पुढे विसरलो.

अशा माणसाला ऐन अडुसष्टीत मुलाने तोक्योहून भुतांचं पुस्तक धाडलं. कारण नातू. वय वर्षं आठ. त्याला मराठी समजतं, पण बोलताना तो 'हो' आणि 'नको' या दोन शब्दांवर संसार भागवतो. दर रविवारी फोनवर मी विचारतो, "जेवलास का रे?" तो म्हणतो, "हो." मग आम्ही दोघं आपापल्या घरच्या पंख्याकडे बघत बसतो. शेवटी मुलगा म्हणाला, "बाबा, त्याला किटारोचं वेड लागलंय. वाचून ठेवा, बोलायला विषय होईल."

हा किटारो म्हणजे शिगेरू मिझुकी या गृहस्थांचा मानसपुत्र. तिकडच्या चित्रकथांना 'मांगा' म्हणतात आणि त्या मुळात शेवटच्या पानाकडून वाचायच्या असतात. मला ते जड गेलं नाही. आमची पिढी वर्तमानपत्रसुद्धा शेवटच्या पानावरच्या क्रिकेटपासूनच वाचत आली. १९६० साली किटारो भाड्याने मिळणाऱ्या पुस्तकांतून अवतरला, म्हणजे आमच्याकडे अर्नाळकर घरोघर फिरत होते तसाच. तेव्हा त्याचं नाव 'स्मशानातला किटारो' असं होतं. १९६८ साली तो टीव्हीवर आला, तेव्हा स्मशान काढून 'गेगेगे' घातलं. स्मशानाच्या नावाने जाहिराती द्यायला कोण धजणार?

आता खरं सांगायचं तर मी घाबरायच्या तयारीने बसलो होतो. चष्मा पुसला, दिवा जवळ ओढला. पण भीती काही वाटेना. ही भुतं भलतीच घरगुती निघाली. एक म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्यावर वाळू फेकते. (म्हातारीला तिकडे 'बाबा' म्हणतात. मुलाच्या हाकेकडे मी हल्ली जरा संशयाने बघतो.) ही बाई पनवेलला बेकार राहिली असती, ते काम आमच्याकडे डंपर करतात. एक उंदीरमाणूस आहे, तो शेकडो वर्षांत अंघोळीच्या वाटेला गेलेला नाही आणि पैशासाठी कोणालाही विकायला तयार. असे दोघेतिघे आमच्या सोसायटीतच निघतील. नुरिकाबे नावाची भिंत रात्री वाटसरूची वाट अडवते, तेव्हा मात्र मी ताडकन उठून बसलो. हा तर आमच्या चकव्याचा मावसभाऊ! किटारोच्या खडावा शत्रूवर सुटतात आणि कामगिरी बजावून परत पायात येतात. देवळाबाहेर काढलेली चप्पल ज्याला परत मिळालेली नाही, त्यालाच या चमत्काराची थोरवी कळेल.

पण मला धरून ठेवलं ते किटारोच्या बापाने. बाप रोगाने मेलेला, देह सडून गेलेला. पोर आईविना, एकटं. त्या काळजीने बापाचा फक्त एक डोळा जिवंत राहतो, त्याला इवलेसे हातपाय फुटतात आणि तो मुलाच्या केसांत बसून त्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो. चहाच्या वाडग्यात गरम पाणी घेऊन तो डोळा मजेत अंघोळही करतो. हसायला आलं, आणि मग हसू जरा अडलं. फोनच्या त्या एवढ्याशा काचेतून दर रविवारी पोराला न्याहाळणारा मी तरी दुसरा कोण आहे?

मिझुकींचा डावा हात दुसऱ्या महायुद्धात न्यू ब्रिटन बेटावर गेला. लहानपणी शेजारच्या एका म्हातारीने सांगितलेली भुतं मात्र शाबूत राहिली, आणि त्यांनी ती जन्मभर एका हाताने काढली. २०१५ साली ते वारले. त्यांच्या साकाइमिनातो गावात या मंडळींचे शंभरावर ब्राँझचे पुतळे रस्त्याकडेला उभे आहेत आणि तिथल्या योनागो विमानतळाला २०१० पासून किटारोचं नाव आहे. आमच्या विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव हवं म्हणून २०२१ साली हजारो माणसं रस्त्यावर उतरली, ते रास्तच होतं. पण निदान एखाद्या रिक्षा स्टँडला मुंज्याचं नाव द्यायला कोणाची हरकत असावी?

गेल्या रविवारी मी जेवणाचं विचारलंच नाही. आमच्या आळीतल्या पिंपळावर एक मुंजा राहायचा, मुंज झालेला पण लग्नाआधीच गेलेला पोरगा, तुझ्याहून थोडा मोठा, असं सांगत सुटलो. पलीकडे 'हो' नाही, 'नको' नाही. मी म्हटलं, फोन बंद पडला. मग पोराने विचारलं, "झाड दाखव."

झाड कुठून दाखवू? तिथे आता सात मजली इमारत आहे. तसं सांगितलं. तो बराच वेळ विचारात पडला आणि त्याने आयुष्यातलं सगळ्यात लांब मराठी वाक्य उच्चारलं, "आजोबा, मग मुंजा आता कितव्या मजल्यावर राहतो?"

मी पाचवा सांगितलाय. येत्या रविवारपर्यंत त्याचं बिऱ्हाड लावून ठेवायला हवं.