जीभ आणि खांच

घर बांधणारा गृहस्थ पायाचा विचार करतो, छपराचा करतो, विहिरीच्या पाण्याचा करतो. परंतु स्वयंपाकघरांतील कपाटाचें दार आषाढांत अडकतें कां आणि फाल्गुनांत त्याचीच फळी फुटते कां, याचा विचार बहुधा गृहिणीसच करावा लागतो. तेव्हां सुतारकामांतील एका सांध्याविषयीं येथें चार शब्द लिहिले, तर ते कौटुंबिक मासिकांत अस्थानीं ठरूं नयेत.

आम्ही राहतों तें शहापूर माहुलीच्या किल्ल्यापासून फार दूर नाहीं. येथें व शेजारच्या मुरबाड तालुक्यांत वर्षाकाठीं शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत. पुढें होळीच्या सुमारास हवा इतकी कोरडी होते कीं, वाळत घातलेलें धोतर तासाभरांत कडक व्हावें. लांकूड कापून वर्षें लोटलीं तरी तें हवेंतील ओलावा घेत व सोडीत राहतें. वाळलेल्या सागांत उन्हाळ्यांत पाण्याचा अंश शेंकडा आठ-दहा असतो. तो भर पावसाळ्यांत सोळा-सतरापर्यंत चढतो. त्यामुळें फळी लांबींत वाढत नाहीं म्हटलें तरी चालेल. वाढते ती रुंदींत. एक फूट रुंद सागाच्या फळीची ही वाढ, ती खोडांतून कोणत्या दिशेनें चिरली असेल त्या मानानें, दोनपासून चार मिलिमीटरपर्यंत भरते. आणि साग तर या बाबतींत शांत स्वभावाचा म्हणून नांवाजलेला आहे!

चार मिलिमीटर म्हणजे कांहीं फार नव्हे, असें वाटेल. आमच्या घरीं पूर्वी एक तयार कपाट आणलें होतें. त्याच्या दारांच्या फळ्या चौकटींत चारहि बाजूंनीं चिकटवून टाकल्या होत्या. पहिल्याच श्रावणांत फुगलेल्या फळीनें चौकटीचा कोपरा उकलला; आणि पुढील फाल्गुनांत आकसूं पाहणारी तीच फळी, कडा सुटेनात म्हणून, मधोमध चिरली. फळीस हालावयास जागा नव्हती, एवढाच काय तो दोष.

जुन्या सुतारांनीं यावर काढलेला उपाय साधा आहे. एका लांकडाच्या कडेस लांबच लांब खांच पाडावयाची, दुसऱ्याच्या कडेस तेवढ्याच जाडीची जीभ राखावयाची, आणि जीभ खांचेंत नुसती सरकवावयाची. या जोडीस नर-मादी असेंहि म्हणतात. फळी फुगली तर जीभ खांचेंत आणखी शिरते, आकसली तर थोडी बाहेर येते. दोन्ही वेळां समोरून दार अखंड दिसतें.

या विषयाशीं आमचा प्रत्यक्ष संबंध आला तो मुरबाड तालुक्यांतील वडिलोपार्जित घरामुळें. भिंती खचल्यामुळें तें घर उतरवावें लागलें. जागेची वांटणी तिघां भावांत समजुतीनें झाली. राहतां राहिल्या माळ्याच्या अकरा सागी फळ्या. विकल्या तर पैसे बरे येतील, असें धाकट्या बंधूंचें म्हणणें पडलें. परंतु ज्या काकूंनीं त्या घरांत पन्नासांहून अधिक वर्षें काढलीं, त्या एवढेंच म्हणाल्या, “घर गेलें तें गेलें. माझ्या सासऱ्यांनीं घातलेल्या या फळ्या तेवढ्या परक्याच्या दारीं जाऊं देऊं नका.” तेव्हां प्रत्येक भावाच्या घरीं एक याप्रमाणें तीन कपाटें करावयाचें ठरलें. अकरा फळ्यांत तीन कपाटें कशींबशीं बसत होतीं. वाया घालवावयास एकहि फळी नव्हती. नवा साग आणून भर घालावी, तर असा मुरलेला माल सहजीं मिळत नाहीं. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यापासून खासगी जमिनींतील सागहि परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. चुकलेला एक काप म्हणजे एका भावाच्या घरचें एक दार कमी, असा हा हिशेब होता.

किन्हवलीकडील एका तरुण मिस्त्रीनें काम पत्करलें. त्याच्या वडिलांजवळ खांच पाडण्याचा एक व जीभ काढण्याचा एक असे दोन लांकडी रंधे होते, आणि ते दोरीनें एकत्र बांधून ठेवण्याची त्यांची शिस्त होती. एक हरवला तर दुसरा निरुपयोगी. अमेरिकेंत स्टॅन्ली कंपनीनें १८७५ च्या सुमारास एकाच लोखंडी रंध्यास फिरती आडपट्टी बसवून हीं दोन्ही कामें त्याजकडूनच करून घेतलीं. मुलाजवळ आतां विजेचा राउटर आहे, आणि रंध्यांच्या जोडीच्या जागीं दोन बिटांची जोडी आहे. मेजाखालीं उलटें बसविलेलें हें यंत्र मिनिटास दहा हजारांहून अधिक फेरे घेतें. परंतु त्याची जुळवणी मात्र सावकाशीनेंच करावी लागते, आणि ती आम्हीं दोन दिवस शेजारीं बसून पाहिली.

पहिली गोष्ट बिटाच्या दांडीची. बाजारांत बारा मिलिमीटरची व अर्ध्या इंचाची अशा दोन दांड्या मिळतात. त्या दिसावयास सारख्या. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. एकीच्या पकडींत दुसरी घालूं नये. दांडी तळाला टेकवून मग दोन-तीन मिलिमीटर वर उचलावी आणि नंतरच आवळावी, म्हणजे पकड पक्की बसते. हें सर्व करतांना विजेची पिन काढलेली असावी, हें सांगावयास नकोच. सागांत वाळूसारखा सूक्ष्म अंश असतो, त्यामुळें साधें पोलाद लौकर बोथटतें. पातें कार्बाइडचें हवें.

दुसरी गोष्ट दर्शनी बाजूची. सर्व तुकडे एकाच जाडीचे रंधून प्रत्येकाच्या दर्शनी बाजूस पेन्सिलीनें खूण करावी, आणि खांच पाडतांना काय किंवा जीभ काढतांना काय, खुणेची बाजूच मेजावर पालथी ठेवावी. मग जाडींत केसभर फरक राहिलाच, तर तो मागल्या अंगास जातो. मिस्त्रीनें प्रथम आंब्याच्या टाकाऊ तुकड्यांत खांच पाडली. दुसरें बिट चढविल्यावर तो खांचेचा तुकडा शेजारीं धरून जिभेची उंची डोळ्यांनीं जुळविली, आणि तुकडे जोडून समोरून बोट फिरविलें. पायरी लागली. ती जितकी लागली तितकेंच बिट वर-खालीं करावयाचें. दोन्ही काप एकाच बाजूवरून मोजलेले असल्यामुळें अर्धें-पाव करण्याचें कारण पडत नाहीं. जीभ जाड वाटल्यास पात्यांच्या मधील पातळ चकत्या कमी-जास्त कराव्या लागतात. जीभ हातानें दाबून शिरावी, हातोडी लागूं नये. कागदाच्या जाडीएवढी सैल असली तरी चालते, कारण सहा मिलिमीटरची जीभहि पावसांत जवळजवळ तेवढीच फुगते. खांच दहा मिलिमीटर खोल, तर जीभ नऊच लांब ठेवली. आंब्याचे सात तुकडे खर्ची पडले, तेव्हां कोठें सागास हात लागला.

चौकटीच्या आडव्या पट्ट्यांचीं टोकें आधीं कापलीं. तेव्हां मागें ठोकळा धरला, नाहीं तर शेवटीं कड उपटून येते. लांकूड उजवीकडून डावीकडे, पात्याच्या फिरण्याच्या विरुद्ध सारावयाचें. सरस लागला तो केवळ चौकटीच्या चार कोपऱ्यांस. मधल्या फळीस थेंबहि नाहीं. काम चैत्रांतलें, फळ्या पुऱ्या आकसलेल्या, म्हणून फूटभर रुंद फळीच्या दोहों बाजूंस दोन-दोन मिलिमीटर फट राखली. पाठीमागील चार इंची फळ्यांमध्यें रुपयाच्या नाण्याच्या जाडीचें अंतर ठेवून प्रत्येकीस मध्यावर एकेकच खिळा मारला. हेंच काम श्रावणांत काढलें असतें, तर फटी जवळजवळ ठेवाव्या लागल्या नसत्या; मात्र उन्हाळ्यांत जीभ खांचेबाहेर येणार नाहीं इतकी लांब आहे ना, तें पाहावें लागलें असतें.

कपाट उभें राहिल्यावर काकूंनीं चष्मा पुसून फटींवर बोट ठेवलें. “अरे मिस्त्री, एवढें जपून कापलेंस, आणि ही फट कां राहिली रे?”

“आजी, ती पावसाची जागा,” तो म्हणाला. “आषाढांत बघा.”

त्या गोष्टीस दोन पावसाळे झाले. आषाढांत त्या फटींत पोस्टकार्ड घालूं म्हटलें तरी जात नाहीं. चैत्रांत त्या पुन्हां उघडतात. तिन्ही घरांतील एकहि फळी चिरली नाहीं, एकहि दार अडकलें नाहीं. धाकट्या बंधूंच्या कपाटांत सध्यां मुलांचीं पुस्तकें आहेत, थोरल्यांच्या कपाटांत कपडे. आमच्याकडील कपाटांत काकूंच्या लोणच्याच्या बरण्या आहेत, आणि त्याची किल्ली त्यांच्याच कमरेस आहे.

ज्यांस कपाट करवून घ्यावयाचें असेल त्यांनीं मिस्त्रीस भावाबरोबर आणखी एक गोष्ट अवश्य विचारावी: फळीस वाढावयास जागा किती ठेवणार? उत्तर देण्यापूर्वीं त्यानें महिना कोणता चालला आहे तें विचारलें, तर काम त्यालाच द्यावें.