कारण आणि दोष

‘निदान’ हा शब्द मराठींत तीन अर्थांनीं नांदत आहे. जुन्या वैद्यकांत निदान म्हणजे रोगाचें कारण. आजच्या दवाखान्यांत निदान म्हणजे रोगाची ओळख. आणि घरगुती बोलण्यांत निदान म्हणजे कमींत कमी. स्तनाच्या कर्करोगासंबंधानें आमच्या परभणी जिल्ह्यांत जें बोललें जातें, तें ऐकतांना या तिन्ही अर्थांची आठवण आम्हांस वारंवार होते. पहिल्या अर्थाच्या निदानाची लोकांस जितकी उत्सुकता, तितकीच दुसऱ्या अर्थाच्या निदानाविषयीं टाळाटाळ. आजार कशानें झाला याचा खल महिनेच्या महिने चालतो. आजार आहे कीं नाहीं हें पाहण्यास मात्र सवड होत नाहीं.

आमच्या नात्यांतील एक मावशी जिंतूर तालुक्यांतल्या एका खेड्यांत राहत. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या डाव्या स्तनांत सुपारीएवढी गांठ हाताला लागली. ती दुखत नव्हती म्हणून त्यांनीं ती मनावर घेतली नाहीं; पुढें धाकट्या लेकीची सोयरीक जुळत आली म्हणून ती कोणास सांगितली नाहीं. आईला असला आजार आहे असें व्याह्यांच्या कानीं गेलें तर काय, ही त्यांची धास्ती. लग्न पार पडलें, आठ महिने गेले, आणि मग गोष्ट उघड झाली. त्या दिवसांत त्यांच्या ओसरीवर येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडीं एकच प्रश्न असे, ‘कशानं झालं असंल माय हे?’ आणि उत्तरही ती स्वतःच देई. म्हशीनें शिंग मारलें होतें त्याचा तो परिणाम. पाजतांना दूध साचून राहिलें असेल. लग्नांत कोणाची तरी दृष्ट लागली. एका पोक्त गृहस्थांनीं तर सरळ पूर्वजन्मच काढला. मावशी सर्व खालच्या मानेनें ऐकून घेत. एकदां मात्र त्या आम्हांस हळूच म्हणाल्या, ‘बाबा, मी कुणाचं काय वाईट केलं असंल रे?’ दीड वर्षानें त्या गेल्या. रोगानें त्यांचा प्राण नेला. त्यापूर्वीं त्या एका प्रश्नानें त्यांची झोप नेली होती.

कारण व दोष या दोहोंची आपण अशी गल्लत करतों. ‘कशामुळें’ असें तोंडानें विचारणारा मनांत ‘कोणामुळें’ असें विचारीत असतो. वैद्यकशास्त्र या बाबतींत फार जपून बोलतें. अमक्या गोष्टीनें हा रोग होतोच असें तें म्हणत नाहीं. अमक्या गोष्टीनें त्याचा संभव वाढतो, एवढेंच म्हणतें. मृग वेळेवर बरसला म्हणजे पीक साधण्याचा संभव वाढतो. तरी शेजारशेजारच्या दोन शेतांपैकीं एक पिकतें आणि दुसरें जातें, हें आमच्या काळ्या रानांतील कोणताही कुणबी सांगेल. संभवाचा हिशेब हजारांना लागू पडतो. एकीच्या कपाळीं तें कां आलें याचें उत्तर त्यांत बहुधा सांपडत नाहीं.

हा हिशेब मांडण्यास मात्र माणसांनीं पिढ्यान् पिढ्या खर्ची घातल्या. १८ व्या शतकाच्या आरंभीं रामाझ्झिनी या इटालियन वैद्याच्या ध्यानांत आलें कीं, मठांत राहणाऱ्या जोगिणींत हा रोग अधिक दिसतो. १८९६ सालीं ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शस्त्रवैद्यानें प्रसिद्ध केलें कीं, बीजकोश काढून टाकले असतां कांहीं रोगिणींची गांठ ओसरते. १९२६ सालीं ब्रिटनमध्यें डॉ. जेनेट लेन-क्लेपन या विदुषीनें सुमारें ५०० रोगी स्त्रिया आणि हा रोग नसलेल्या तितक्याच स्त्रिया यांच्या आयुष्यक्रमाची तुलना केली. लग्नाचें वय, मुलांची संख्या, अंगावर पाजणें या गोष्टींचा रोगाशीं संबंध आहे असें तींतून दिसलें. धागा एकच होता. बीजकोशांतून निघणाऱ्या इस्ट्रोजेनादि द्रव्यांच्या हुकमानें स्तनांतील पेशी महिन्यामागून महिने वाढतात व विभागतात. जितकीं वर्षें हें चक्र अखंड चालेल, तितकी चूक होण्यास संधि अधिक. म्हणून पाळी लवकर येणें, उशिरा जाणें, मूल न होणें किंवा तिशीनंतर पहिलें होणें, यांनीं संभव वाढतो. ३० देशांतील ४७ पाहण्या एकत्र करून २००२ सालीं असा निष्कर्ष काढण्यांत आला कीं, अंगावर पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागें हा संभव शेंकडा ४·३ नें घटतो. घटतो, नाहींसा होत नाहीं. मावशींनीं चार लेकरें पाजलीं होतीं.

आनुवंशिकतेची गोष्ट याहून नाजूक आहे. बीआरसीए या नांवाचीं दोन जनुकें १९९४ व १९९५ सालीं हातीं आलीं. त्यांत बिघाड असलेल्या स्त्रीस हा रोग होण्याचा संभव फारच मोठा असतो. परंतु शंभर रोगिणींपैकीं पांच ते दहांच्याच बाबतींत असा वारसा आढळतो. शिवाय तो बापाकडूनही येतो. सोयरीक करतांना मुलीच्या आईचें दुखणें चौकशीनें काढणारीं माणसें मुलाच्या आत्याचें दुखणें कधीं विचारीत नाहींत, याचें आम्हांस नवल वाटतें. जवळच्या दोघी-तिघींना, तोही तरुणपणीं, हा रोग झाला असेल तर ती माहिती डॉक्टरांस सांगावी; ती तपासणीच्या कामाची आहे, सोयरीक मोडण्याच्या नव्हे.

कांहीं गोष्टी थोड्याफार आपल्या हातच्या आहेत. पाळी गेल्यावर वाढणारें वजन, बैठें आयुष्य, मद्य, उतारवयांत दीर्घकाळ घेतलेलीं हार्मोनचीं औषधें, यांनीं संभव वाढतो. मार लागल्यानें तो वाढत नाहीं. मार लागला म्हणून हात तेथें जातो आणि आधींपासूनची गांठ सांपडते. घट्ट चोळी, दृष्ट, रोग्याचा स्पर्श, यांचा संबंध नाहीं. सुई घालून तपासल्यानें रोग पसरतो, ही समजूत तर घातकच होय. आणि सर्वांत मोठीं कारणें कोणतीं? स्त्रीचा जन्म आणि वाढतें वय. जागतिक आरोग्य संघटना म्हणते कीं, जवळजवळ निम्म्या रोगिणींत या दोहोंखेरीज दुसरें कोणतेंही विशेष कारण दिसत नाहीं. पुरुषांसही हा रोग होतो, पण शंभरांत फार तर एक. स्त्री म्हणून जन्मणें आणि म्हातारें होणें यांत दोष तो कोणाचा?

येथें आमच्या भागाचा एक धडा सांगण्यासारखा आहे. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें १९८७ सालीं खेड्यापाड्यांतील कर्करोगाची नोंद ठेवण्याचें काम सुरू झालें. मराठवाड्यांतील परांडा व भूम हे तालुकेही त्या नोंदींत आहेत. आरंभींच्या वर्षांत तेथें स्तनाचा कर्करोग मुंबईच्या मानानें पुष्कळच कमी आढळला. गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढें होता. लवकर लग्न, अनेक बाळंतपणें, लांबलेलें पाजणें आणि शेतांतले कष्ट यांच्याशीं याचा संबंध आहे. आतां आमच्या जिल्ह्यांतही मुली शिकूं लागल्या, लग्नें लांबलीं, मुलें दोनांवर आलीं. यावरून कोणी म्हणेल, पहा, शिक्षणानें रोग आणला! आम्हांस हा तर्क अमान्य आहे. ज्या दिवसांत हा रोग कमी होता, त्याच दिवसांत बाळंतपणांत बाया मरत होत्या. मुलीला शाळेंतून काढून तिचा स्तन वांचविण्याचा व्यवहार कोणत्याही शहाण्या घरानें करूं नये.

खरी हानि दुसरीकडेच आहे. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणें जगांत सुमारें २३ लाख स्त्रियांस हा रोग झाला आणि ६ लाख ७० हजार मेल्या. त्याच वर्षीं भारतांत सुमारें १ लाख ९२ हजार नवीन रोगिणी आणि ९८ हजार मृत्यु. जगांत तीन-साडेतीन रोगिणींमागें एक मृत्यु, आणि आमच्याकडे दोहोंमागें एक! उपचारांची टंचाई यास कारण आहेच; पण उशीर हें त्याहून लहान कारण नाहीं. १९९८ सालीं टाटा रुग्णालयानें मुंबईच्या गरीब वस्त्यांतील दीड लाख स्त्रिया घेऊन एक प्रयोग आरंभिला. त्यांपैकीं अर्ध्या स्त्रियांची तपासणी शिकवून तयार केलेल्या बाया दर दोन वर्षांनीं नुसत्या हातानें करीत. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: त्या स्त्रियांचा रोग अलीकडच्या पायरीवर सांपडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ शेंकडा ३० नीं घटले. पन्नाशीच्या आंत मात्र असा लाभ दिसला नाहीं. तरीही यंत्रावांचून, केवळ जाणत्या हातानें इतकें साधलें, हें आमच्यासारख्या जिल्ह्यास केवढें आश्वासन आहे!

बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात. पण कोणती आहे व कोणती नाहीं हें ओसरीवर ठरत नाहीं. गांठ लागली, कातडी आंत ओढली गेली, बोंड आंत वळलें, त्यांतून रक्त आलें, तर परभणीच्या जिल्हा रुग्णालयांत जावें. पुढें छत्रपती संभाजीनगरचें शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, बार्शी आहे, मुंबई आहे. कशानें झालें याचा निर्णय लागो वा न लागो. निदान गांठ लागल्याच्या आठवड्यांतच ती जाणत्या हाताखालीं जावी. आणि जिला ती लागली तिला, निदान तिच्या माणसांनीं तरी, ‘तूं काय केलंस’ असें विचारूं नये.