तळोजा ते दार-ए-सलाम



आमच्या तळोज्याच्या इमारतीतील बायका आजही मला विचारतात, “आफ्रिकेत पाच वर्षं राहिलात कशा हो तुम्ही? भीती नाही वाटली?” दर वेळी जिन्यात उभे राहून किती सांगणार? म्हणून म्हटले, एकदा लिहूनच काढावे.

आमचे हे तळोजा एम.आय.डी.सी.त फिटर होते. सोळा वर्षे एकाच कारखान्यात, तीही कंत्राटावर. पेंधरच्या बाजूला आम्ही एका खोलीचे घर घेतले, बँकेचे हप्ते सुरू झाले आणि त्याच वर्षी कंत्राट संपले. ओळखीच्या एका मिस्त्रीने टांझानिया देशातल्या एका रोलिंग मिलमधल्या नोकरीची बातमी आणली. पगार इथल्यापेक्षा दुपटीहून जास्त, राहायला जागा कंपनीची. २०१८ साली आम्ही चौघे, म्हणजे आम्ही दोघे, मुलगी आणि धाकटा मुलगा, आदिस अबाबाला विमान बदलून दार-ए-सलामला उतरलो. बॅगेत साडीच्या घडीत गुंडाळलेली बाबासाहेबांची आणि तथागतांची तसबीर होती. सासूबाईंनी त्यावर हळद-मसाल्याची पाकिटे रचून दिली होती.

दार-ए-सलाम या अरबी नावाचा अर्थ शांतीचे घर असा सांगतात. हिंदी महासागराच्या काठावरचे हे मोठे बंदर. देशाची राजधानी दोदोमा, पण खरे मोठे शहर हेच. २०२२ च्या शिरगणतीत तिथली वस्ती ५३ लाखांवर भरली. आम्हाला उपांगा या भागात एका जुन्या इमारतीत दोन खोल्या मिळाल्या. खिडकीतून नारळाची झाडे दिसत, पहाटे मशिदीची अजान आणि रविवारी चर्चची घंटा ऐकू येई. हवा अगदी आपल्या पनवेलसारखी दमट. मला तर वाटले, अलिबागलाच आलो की काय!

पहिला गोंधळ झाला तो भाषेचा. तिथे सगळे स्वाहिली बोलतात. वॉचमनने पहिल्याच दिवशी माझ्या मुलीला “दादा” म्हणून हाक मारली आणि मुलाला “काका”. मुलगी रुसून बसली. नंतर कळले, स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. मामा म्हणजे आई. बाबा मात्र बाबाच. बाईला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारायची पद्धत, म्हणून मीही वस्तीत माझ्या मुलीच्या नावाची “मामा” झाले. रस्त्याच्या कडेला चुलीवर भात शिजवून मजुरांना वाढणाऱ्या बायका असतात, त्यांना म्हणतात ‘मामा न्तिलिए’. म्हणजे ‘आई, मला वाढ’. हे नाव मला फार आवडले. आपल्याकडे खानावळीला असे नाव कुणाला सुचले नाही.

पण ही भाषा वाटते तेवढी परकी नाही. दुकानाला ‘दुका’, पैशाला ‘पेसा’, सरकारला ‘सेरिकाली’, रंगाला ‘रांगी’, बंदराला ‘बंदारी’, औषधाला ‘दावा’, वकिलाला ‘वाकिली’, चहाला ‘चाय’. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला ‘काचुंबारी’ म्हणतात, म्हणजे आपली कचुंबरच. मोसमी वाऱ्यावर शिडाची गलबते शेकडो वर्षे अरबस्तान, इराण, हिंदुस्थान आणि आफ्रिकेच्या या किनाऱ्यात ये-जा करीत होती. मालाबरोबर शब्दही उतरले.

घड्याळाने मात्र रडवले. विषुववृत्त जवळ असल्याने तिथे बारा महिने सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून तिथले लोक तास मोजतात ते सूर्योदयापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. वॉचमन म्हणाला, पाण्याचा टँकर उद्या ‘साआ तातू’ला येईल. तातू म्हणजे तीन. मी दुपारी तीनला बादल्या मांडून उभी, आणि टँकर सकाळी नऊलाच येऊन गेलेला! दोन दिवस शेजाऱ्यांकडून डबे मागून काढले. पाण्याची वाट बघणे तळोज्यात राहून अंगवळणी पडले होते, म्हणून निभावले.

विजेचा मीटर आधी पैसे भरून चालतो. दुकानातून वीस आकडी नंबर घ्यायचा आणि मीटरवर दाबायचा. आकडा संपला की दिवा गेला. या पद्धतीला आम्ही नावे ठेवली, पण खरे सांगते, बिल थकल्याची चिंता कधी राहिली नाही. पैशांची देवघेव मोबाईलवर. भाजीवाली म्हातारीसुद्धा मोबाईलवर पैसे घेई.

बाजार कारियाकूचा. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात आफ्रिकी माणसांना ओझी वाहायला धरून नेले, त्या हमालांच्या पलटणीला ‘कॅरिअर कोअर’ म्हणत. त्या शब्दाचे कारियाकू झाले. हजारो हमाल त्या लढाईत रोगराईने आणि उपासमारीने मेले. शहराच्या मध्यभागी बंदूक रोखलेल्या आफ्रिकी शिपायाचा पुतळा आहे, तो १९२७ साली उभारला. आपल्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे तेच साल. ह्यांनी मुलांना तिथे नेले तेव्हा भीमा कोरेगावची गोष्ट सांगितली. मुलांनी लक्ष देऊन ऐकली, निदान तिथे उभे असेपर्यंत.

कारियाकूत मला माझे स्वयंपाकघर परत मिळाले. ‘म्चिचा’ म्हणून जी जुडी मिळते ती आपली माठाची भाजी. ‘दागा’ म्हणजे बारीक सुकी मासळी, आपल्या सुकटीसारखी कांद्यावर परतली की वास थेट गावाकडचा. नारळ खवायला तिथल्या बायका दातेरी पाते लावलेल्या बुटक्या लाकडी बैठकीवर बसतात, आपल्या खवणीची सख्खी बहीण. तिला म्हणतात ‘म्बुझी’, म्हणजे बकरी! मक्याच्या पिठाची घट्ट उकड, ‘उगाली’, हे तिथले मुख्य अन्न. मुलांना आवडली. ह्यांना पाच वर्षांत आवडली नाही. भाकरीवाचून माणूस अर्धा होतो, असे त्यांचे म्हणणे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला घेतले, ती सांगते.

तिथे हिंदी लोक पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत, बहुतेक गुजराती बोलणारे. प्रत्येक समाजाची वेगळी वाडी, वेगळा हॉल. आमच्या मजल्यावर आपल्याच देशातल्या एक बाई राहत. मनाने वाईट नाही म्हणता येणार. पहिल्या आठवड्यात त्यांनीच मला बाजार दाखवला, गॅस आणून दिला, कामाला एक मुलगी लावून दिली. घरकाम करणाऱ्या मुलीलाही तिथे ‘दादा’च म्हणतात. ही दादा वीस-बावीस वर्षांची, टांगा भागातल्या खेड्यातून आलेली. त्या बाई जाता जाता म्हणाल्या, “भाभी, इसका कप-प्लेट अलग रखना. सब लोग ऐसाही रखते हैं.”

आणि भगिनींनो, मी ठेवला. निळा प्लास्टिकचा मग, खिडकीच्या कट्ट्यावर. मनात म्हटले, नवा देश, नवे रोग, लहान मुलांचे घर. स्वतःला समजावायला कारणे काय हवी तेवढी मिळतात. माझ्या मुलीला शाळेत ‘शिकामू’ म्हणायला शिकवले होते. मोठ्या माणसाला करायचा तो नमस्कार, त्यावर मोठ्याने ‘मराहाबा’ म्हणायचे. ती वॉचमनला, दादाला, सगळ्यांना म्हणायची. शेजारच्या बाई हसल्या, “नोकरांना काय शिकामू?” मीही त्यांच्याबरोबर हसले. ते हसू मला आजही आठवते.

चौथ्या महिन्यात मला मलेरिया झाला. अंगात ताप मावेना. ह्यांची दिवसपाळी, मुले शाळेत. दादाने माझे डोके पुसले, औषध आणले आणि नाचणीची पातळ पेज केली. तिथे तिला ‘उजी’ म्हणतात. माझी आजी आजारपणात करायची ती आंबीलच. नळाला पाणी नव्हते, घरातली सगळी भांडी खरकटी पडलेली. तिने पेज तिच्या निळ्या मगात ओतून आणली. मी हात पुढे केला आणि हात क्षणभर थांबला.

तिने पाहिले. हळूच म्हणाली, “मामा, मग स्वच्छ आहे.”

माझी आजी माणगाव तालुक्यातली. खोताच्या घरी भात कांडायला जायची. तिच्यासाठी कान तुटलेला एक कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असे. तो तिने आपणच काढायचा, आपणच विसळायचा आणि वरून ओतलेला चहा पिऊन पुन्हा तिथेच खोचायचा. ही गोष्ट मी जयंतीच्या भाषणांत किती वेळा सांगितली असेल! तळोज्याच्या विहारात सांगितली, महिला मंडळात सांगितली. आणि समुद्र ओलांडून मी स्वतःच्या घरात वळचण बांधली होती.

मी पेज प्यायले. तापात रडू आले, दादाला वाटले डोके दुखते आहे.

बरी झाल्यावर तो मग मी मांडणीत सगळ्या भांड्यांत ठेवला आणि तिला स्टीलचा पेला दिला. तिने काही घेतला नाही. बरेच महिने ती आपला निळा मगच शोधून काढायची आणि दाराजवळ बसून चहा प्यायची. मी बोलावले तरी हसून मान हलवायची. मला वाटले होते, मी मग आत ठेवला की झाले. तसे होत नाही. दुसऱ्या वर्षी कधीतरी ती आमच्याबरोबर जेवायला बसली. तेही मुलीने हात धरून बसवली म्हणून.

शेजारच्या बाईंना हे दिसलेच. त्याच सुमारास एका मराठी बाईंनी माझे आडनाव विचारले, गाव विचारले. मी म्हटले, आम्ही बौद्ध. “अच्छा, अच्छा,” म्हणाल्या. त्यानंतर त्या जेव्हा जेव्हा आल्या, तेव्हा नुकत्याच जेवून आलेल्या असत. व्हिसा-कागदांचा खर्च करून माणसे परदेशी जातात, जात मात्र फुकट बरोबर येते. टांझानियाच्या लोकांना आमची ही भानगड कळतच नसे. त्यांच्या लेखी आम्ही सगळे सारखेच ‘वाहिंदी’. ह्यांना मिलमध्ये एका तिथल्या वेल्डरने विचारले होते, “तुम्ही वाहिंदी आम्हाला दूर बसवता, मग एकमेकांनाही का दूर बसवता?” ह्यांनी त्याला डबा खाता खाता सगळी हकिगत सांगितली, मोडक्या स्वाहिलीत. दोन दुपारी लागल्या.

मिलमधल्या एका सिंहली स्टोअरकीपरकडून कळले की उपांग्यातच बुद्धविहार आहे. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि आम्हाला वर्षभर पत्ता नाही! श्रीलंकेतून आलेल्या सिंहली बौद्धांनी १९२० च्या सुमारास तो स्थापन केला. आवारात बोधिवृक्ष आहे, अनुराधपूरच्या महाबोधीच्या वंशातला. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बुद्धगयेहून फांदी श्रीलंकेला नेली, तिथून हे रोप आफ्रिकेत आले. सिंहली भंतेंनी त्रिसरण-पंचशील म्हणायला सुरुवात केली आणि आमच्या मुलांनी आवाज मिसळला. उच्चार थोडे वेगळे, शब्द तेच. भंते मध्येच थांबून मुलांकडे पाहू लागले.

१४ एप्रिलला तिथे मोठ्या पावसाचे दिवस असतात, ‘मासिका’ म्हणतात त्याला. पहिली जयंती आम्ही घरातच केली. दोन ओळखीची कुटुंबे आणि आम्ही. खीर केली. दादाने बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालताना मला पाहिले आणि विचारले, “हे तुझे बाबा का?” तिच्या भाषेत बाबा म्हणजे वडील. मी म्हटले, “न्दियो.” म्हणजे हो.

२०२३ च्या अखेरीस आम्ही परत आलो. घराचे हप्ते फिटले होते. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबरमध्येच सुरू झालेली, त्यामुळे खारघरला जाणे सोपे झाले. दादाने निघताना मला एक खांगा दिला, काठावर म्हण छापलेले तिथले लुगडे. निळा मगही मी मागून घेतला. तिला फार हसू आले.

आता आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची एक खोली भाड्याने द्यायची आहे. गेल्या महिन्यात दोन आफ्रिकी मुले बघायला आली, खारघरला शिकतात. जिन्यात भेटले तेव्हा मी ऐटीत “हाबारी?” म्हणून विचारले. ती एकमेकांकडे बघत राहिली. ती नायजेरियाची, आफ्रिकेच्या पार दुसऱ्या टोकाची. त्यांना स्वाहिलीचे काय! पंजाबी माणसाशी तमिळ बोलावे तसे झाले. मग आम्ही तिघेही हसलो आणि हिंदी-इंग्रजीची मिसळ करून बोललो. मी चहा दिला.

गेल्या रविवारी सोसायटीच्या सभेत विषय निघाला. “काळ्यांना खोली नको,” असे तीन-चार जण म्हणाले. त्यांत आपलेही दोघे होते, दरवर्षी जयंतीची वर्गणी गोळा करणारे. मी उठून विचारले, कारण काय ते लिहून द्या, नोंदवहीत राहू द्या. कुणी लिहिले नाही. एकाने म्हटले, वहिनी, तुम्ही तिथे राहून आलात म्हणून तुम्हाला पुळका. मी म्हटले, मला तिथे खोली मिळाली होती, कुणी सभा घेतली नव्हती. गडबड झाली आणि विषय पुढे ढकलला.

पुढची सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर आहे. हेही येणार आहेत, पाळी बदलून घेतली आहे. काल दादाचा फोन आला तेव्हा तिला हे सांगितले. तिने वेळ विचारली. दहा म्हटल्यावर म्हणाली, “रात्री?” मी म्हटले, नाही ग, तुझ्या घड्याळाने सकाळचे चार.